औषधाचा नेम आणि औषधाची वाट

कर्करोगाविषयी बोलू लागलो की आपली भाषा आपोआप रणांगणाची होते. रोग शत्रू ठरतो, रुग्ण झुंज देतो, आणि तो गेला की त्याची झुंज अपयशी ठरल्याचे वर्तमानपत्रात छापून येते. जणू अधिक शौर्य दाखविले असते तर तो वाचला असता! या भाषेचे एक मूळ वैद्यकाच्या इतिहासातच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने एक स्वप्न पाहिले होते. निरोगी भागाला धक्का न लावता केवळ रोगाच्या कारणावर जाऊन आदळेल अशी एक 'जादूची गोळी' माणसाला तयार करता यावी, असे ते स्वप्न. शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्या स्वप्नाने आज जे रूप घेतले आहे ते समजून घेणे आणि त्यातून उभा राहणारा नीतीचा प्रश्न नीट मांडणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हे रूप म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, अर्थात नॅनोकणांतून, कर्कपेशींपर्यंत जनुक पोहोचविण्याचे. एक मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. औषध वाहणारे हे कण साधारण शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतात. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे आठशे ते हजार कण ओळीने उभे राहतील. बहुधा स्निग्ध पदार्थांची एक बारीक कुपी करतात, तिच्या पोटात जनुकाचा संदेश ठेवतात आणि तिच्या अंगावर असा एखादा रेणू चिकटवितात की जो कर्कपेशीवरील विशिष्ट खुणेलाच जाऊन बिलगेल. आत ठेवलेला संदेश निरनिराळ्या प्रकारचा असू शकतो. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचे एक जनुक पहारेकऱ्याचे काम करते. पेशी बिघडली तर तिची वाढ थांबविणे, आणि सुधारणा अशक्य असेल तर तिला मरणाची आज्ञा देणे, हे त्याचे काम. जवळजवळ निम्म्या कर्करोगांत हा पहारेकरीच निकामी झालेला असतो. त्या जागी नवा पहारेकरी पाठवावा, ही कल्पना सरळ आहे. चीनने २००३ साली एका निर्बल केलेल्या विषाणूच्या साहाय्याने हेच जनुक अर्बुदात सोडण्याच्या उपचाराला मान्यता दिली होती. विषाणूऐवजी निर्जीव कण वापरावा, हा त्यापुढचा विचार.

हे सारे आपल्या डोंगरांपलीकडचे, असे महाड-पोलादपूरच्या वाचकाने समजू नये. करोनाच्या साथीत आपल्यापैकी बहुतेकांनी जी कोव्हिशिल्ड लस दंडात टोचून घेतली, तिच्यात एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुकच बसविलेले होते. जून २०२२ मध्ये पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या लशीला मंजुरी मिळाली. तिच्यात तर संदेश-आरएनए स्निग्ध नॅनोकणांच्या साहाय्याने वाहून नेलेला होता. म्हणजे उमरठच्या आजीच्या शरीरातही परके जनुक नेऊन पोहोचविण्याचा प्रयोग कधीच होऊन गेला आहे. आजीने त्याचे भय बाळगले नाही. दोन दिवस अंग दुखले, एवढेच तिला आठवते.

परंतु दंडात टोचणे वेगळे आणि शरीरात दडलेल्या गाठीचा माग काढणे वेगळे. 'नेम धरणारा कण' असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे धनुर्धर उभा राहतो. प्रत्यक्षात कणाला ना डोळे असतात ना इच्छा. तो रक्ताबरोबर वाहत जातो. त्याच्या अंगावर रक्तातील प्रथिनांचा लेप चढतो आणि चिकटविलेली खूण त्याखाली झाकली जाते. यकृत आणि प्लीहा त्याला कचरा समजून वेचून घेतात. टोरंटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतील प्रयोगांचा आढावा घेतला. टोचलेल्या कणांपैकी अर्बुदापर्यंत किती पोहोचले, याचा त्यांनी काढलेला मध्यांक होता हजारांत सात. हे प्रयोग प्राण्यांवरील होते. पेशीच्या दारात पोहोचलेल्या कणांतूनही फार थोड्यांचा माल आतल्या कप्प्यातून सुटून कामाला लागतो. यकृताचे रोग याला अपवाद ठरतात, कारण कण तेथे आपण होऊनच जाऊन पडतात. २०२५ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एका तान्ह्या बाळाच्या यकृतातील जनुकदोष केवळ त्याच्यासाठी बनविलेल्या औषधाने सुधारला गेला, तोही असल्याच स्निग्ध कणांतून. फुप्फुस, स्वादुपिंड, तोंड येथील गाठींपर्यंतची वाट मात्र अजून काट्याकुट्यांची आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट खुणेची. कर्कपेशीच्या कपाळावर 'मी दोषी' असे लिहिलेले नसते. ती आपलीच पेशी असते, आपल्याच घरात वाढलेली. तिच्या अंगावरची जी खूण आपण हेरतो ती बहुधा निरोगी पेशींच्या अंगावरही थोड्याबहुत प्रमाणात असते. प्रभू येशूने सांगितलेला गव्हाचा आणि निदणाचा दाखला येथे आठवावा. निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धन्याने थांबविले, कारण मुळे एकमेकांत गुंतलेली होती. आमच्या भागात भाताची बेणणी करणाऱ्या बाईला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. भातासारखेच दिसणारे तण उपटताना एखादे रोप हाती येतेच, हे तिला ठाऊक असते. आजचे सर्वांत यशस्वी 'नेमके' उपचारदेखील असेच आहेत. रक्ताच्या काही कर्करोगांवर सीएआर-टी नावाचा उपचार करतात. त्यात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढून, त्यांत प्रयोगशाळेत नवे जनुक घालून, त्या परत रुग्णाला देतात. या पेशी सीडी-१९ ही खूण दिसेल त्या प्रत्येक बी-पेशीला मारतात. रोगी असो वा निरोगी. निरोगी बी-पेशी गेल्या तरी माणूस जगू शकतो, म्हणून हा नेम आपल्याला परवडतो. तो अचूक आहे म्हणून नव्हे.

जनुकाला हात लावणे हा ईश्वराच्या कामात हस्तक्षेप नव्हे काय, असे आम्हांला पुष्कळदा विचारण्यात येते. यावर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. ख्रिस्तसभेने २००८ सालच्या 'डिग्निटास पर्सोने' या दस्तऐवजात भेद स्पष्ट केला आहे. रोग्याच्या देहपेशींतील दोष दूर करण्यासाठी केलेला जनुकोपचार तत्त्वतः ग्राह्य आहे. त्यात रुग्णाला अवाजवी धोका नसावा आणि त्याची संमती असावी. पुढच्या पिढ्यांत उतरणारा बदल आजच्या स्थितीत ग्राह्य नाही. २०१८ साली चीनमध्ये जनुके बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घालणाऱ्या शास्त्रज्ञाला त्याच्याच देशाने तुरुंगात पाठविले, तो प्रकार या दुसऱ्या वर्गातला. कर्कपेशीत जनुक सोडणे पहिल्या वर्गातले आहे. शस्त्रक्रियेला ज्याची हरकत नाही त्याची याला हरकत असू नये.

संमतीचा प्रश्न मात्र इतक्या लवकर सुटत नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा अमेरिकन तरुण जनुकोपचाराच्या एका चाचणीत दगावला. त्याचा आजार आहार आणि औषधे यांनी आटोक्यात होता. पुढे जन्मणाऱ्या बालकांना उपयोग व्हावा म्हणून तो चाचणीत सामील झाला होता. जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूविरुद्ध त्याच्या शरीराने उग्र प्रतिक्रिया दिली आणि चार दिवसांत सारे संपले. आधीच्या रुग्णांत दिसलेले दुष्परिणाम त्याला नीट सांगितले गेले नव्हते, हे नंतर उघड झाले. विषाणूंऐवजी निर्जीव कणांकडे संशोधकांचे लक्ष वळले त्यामागे अशा घटनांचाही वाटा आहे. सीएआर-टी उपचारानंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा छापण्यास अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी जानेवारी २०२४ मध्ये उत्पादकांना सांगितले. हे सर्व मराठीत, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसलेल्या माणसाला समजेल अशा शब्दांत कोणी सांगायचे? सही घेण्याला संमती म्हणत नाहीत. आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "फादर, यात काय लिवलंय?"

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पोलादपूर तालुक्यातील एक गृहस्थ काही काळापूर्वी आम्हांला भेटले. ते आमच्या धर्मग्रामातले नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. पण दुःखात माणूस कोणाच्या दारात जाईल हे सांगता येत नाही. त्यांच्या बाविशीतल्या मुलाला रक्ताचा कर्करोग होता आणि नेहमीच्या औषधांनंतर तो उलटला होता. नव्या उपचाराविषयी त्यांनी ऐकले होते. खर्चाचा आकडाही ऐकला होता. भाताची खाचरे, थोडे वरकस आणि घर, एवढी त्यांची मिळकत; पाठीवर एक शिकणारी मुलगी. त्यांनी विचारले, "जमीन नाय इकली, तर पोराला आम्हीच मारला असं व्हईल का?"

या प्रश्नाला सेमिनरीत शिकलेले उत्तर आहे, आणि ते चांगले उत्तर आहे. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका येथे डॉमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने हाच प्रश्न हाताळला. जीव राखणे कर्तव्य आहे. पण त्यासाठी हरेक उपाय करणे कर्तव्य नाही. वैद्याने महागडे अन्न सांगितले आणि ते परवडत नाही म्हणून माणूस साध्या अन्नावर राहिला, तर तो आत्मघातकी ठरत नाही. पुढे याच विचारातून 'साधारण' आणि 'असाधारण' उपायांचा भेद रूढ झाला. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात तो नव्याने सांगितला. व्यक्ती, स्थळ, काळ आणि संस्कृती यांचा विचार करता ज्यांत स्वतःवर वा इतरांवर भारी बोजा पडत नाही, तेवढेच उपाय बंधनकारक होत, असा त्याचा आशय. तेव्हा त्या पित्याला आम्ही सांगितले की, नाही, तुम्ही दोषी ठरणार नाही. मुलीचे पुढचे आयुष्य हाही तुमच्या कर्तव्याचाच भाग आहे. जमीन विकलीत तर ते प्रेम असेल; न विकलीत तर तो खून नसेल.

त्या मुलाचे पुढे काय झाले ते येथे लिहिणार नाही. ते कुटुंबाचे दुःख आहे किंवा कुटुंबाचा आनंद. शिवाय, निर्णय योग्य होता की नाही हे फळावरून ठरविण्याची जी खोड आपल्याला आहे तिला खाद्य पुरविण्याची आमची इच्छा नाही.

परंतु त्या उत्तराने पित्याचे ओझे उतरले, आमचे नाही. 'असाधारण उपाय' ही संज्ञा दुर्बळाला दिलासा देण्यासाठी घडविली गेली. तिचा दुसरा उपयोग फार सहज होतो. तोच उपाय मलबार हिलवरील घराला साधारण आणि पोलादपूरच्या घराला असाधारण ठरतो. मग समाज म्हणतो, त्याच्यावर बंधन नाही, म्हणजे आमच्यावरही नाही. पहिल्या वाक्यातून दुसरे निघत नाही. पित्याची सुटका होते ती त्याच्याजवळ साधने नाहीत म्हणून. ज्यांच्याजवळ ती आहेत त्यांना त्याच कारणाने सुटका कशी मिळेल? व्हितोरियाने रुग्णाला विचारले होते, तू काय करायला बांधील आहेस? त्याच्या शेजाऱ्याला, नगराला, राजाला विचारायचा प्रश्न निराळा आहे आणि आम्ही धर्मगुरू तो पुरेशा स्पष्टपणे विचारत नाही, असे आमचे मत आहे.

आकडे पाहावेत. भारतात तयार झालेला पहिला सीएआर-टी उपचार 'नेक्सकार-१९' हा पवईच्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आणि टाटा स्मारक केंद्रातील डॉक्टरांच्या सहकार्याने घडला. त्याच्या पहिल्या रुग्णावर २०२१ साली टाटा केंद्राच्या खारघर येथील संस्थेत उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी शेकडा ७३ जणांच्या रोगाने उपचाराला दाद दिली. अमेरिकेत अशा उपचाराच्या केवळ औषधाला तीन-चार कोटी रुपये पडतात. येथे तो सुरू झाला तेव्हा खर्च सुमारे तीस ते चाळीस लाख सांगितला गेला. हा फरक थोडा नव्हे. 'गरीब देशाने असल्या संशोधनाच्या नादी लागू नये, आधी गावोगाव गोळ्या पोहोचवाव्यात' असे म्हणणारे सज्जन आम्हांला भेटतात. त्यांचे म्हणणे आम्हांला पटत नाही. येथे कोणी हे केले नसते तर किंमत दशांशावर आली नसती. तरीही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे आहे. पाच आणि तीस यांच्या मधली दरी भाताच्या खाचरांनी बुजत नाही.

यातील एक गोष्ट मनाला विशेष लागते. खारघर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, पनवेल तालुक्यात. सातबारा ज्या जिल्ह्याचा, ती संस्थाही त्याच जिल्ह्याची. रक्तातल्या असंख्य पेशींतून एक खूण शोधून काढण्याइतकी दृष्टी आपण औषधाला दिली. पण त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सावित्रीच्या खोऱ्यात, कोण आजारी आहे हे शोधण्याची दृष्टी कोणाला दिलेली नाही. रुग्णानेच माणगाव, कोलाड, पेण करीत, वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गाने तिकडे जायचे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातलगाच्या खोलीत आसरा शोधायचा.

महाडला राहणाऱ्या माणसाला मंजुरी आणि पोहोच यांतील अंतर नव्याने शिकावे लागू नये. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. तळे तेथेच होते, पाणी होते, कागदावर मनाई नव्हती. आणि तरीही तीन वर्षे एकाही अस्पृश्य मानलेल्या माणसाला त्यातली एक ओंजळ घेता आली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले. न्यायालयातील निकाल लागायला १९३७ साल उजाडले. जात आणि पैसा यांची तुलना आम्ही येथे करीत नाही. अस्पृश्यतेचा अपमान वेगळाच आणि त्याची बरोबरी करू नये. सांगायचे एवढेच की एखादी गोष्ट 'उपलब्ध आहे' हे विधान कधीकधी किती पोकळ असू शकते, हे या गावाच्या मातीला ठाऊक आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दाच्या तळ्याची हकिगत आहे. अडतीस वर्षे एक आजारी मनुष्य काठावर पडून असतो. पाण्यात गुण आहे यावर त्याचा विश्वास आहे. प्रभू त्याला विचारतो, तुला बरे व्हायचे आहे का? त्यावर तो हो किंवा नाही असे काहीच म्हणत नाही. मला तळ्यात सोडणारे कोणी नाही, असे सांगतो. या उत्तरावर प्रवचने करताना आम्ही बहुधा त्याच्या श्रद्धेविषयी बोलतो. त्याने मात्र एक साधी वस्तुस्थिती सांगितली होती. इतरही लोक तेथे होते आणि ते त्याच्या आधी उतरत होते.

कोणी म्हणेल, तीस लाखांत एका मुलाला वाचवावे की तेवढ्यात शेकडो बायकांच्या तोंडाची तपासणी करावी? हा प्रश्न खोटा नाही. आमच्या डोंगरपट्ट्यात मिसरी लावण्याची सवय घरोघरी आहे. जिभेखालचा पांढरा डाग लवकर दिसला तर नॅनोकणांची गरजच पडणार नाही. आणि जेथे काहीच उपाय उरत नाही तेथे वेदना शमविणे हे उरतेच. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनाने १९८६ पासून ते काम केले आहे. महाडच्या पुढे मात्र अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला मॉर्फीन मिळणे आजही कठीण आहे. तपासणी आणि मॉर्फीन आधी, यात आम्हांला शंका नाही. शंका आहे ती हा हिशेब नेहमी गरिबाच्याच घरात का मांडला जातो याची. श्रीमंताच्या मुलासमोर कोणी असे त्रैराशिक मांडत नाही.

नॅनोकणांविषयी आम्हांला आशा वाटते ती या ठिकाणी, आणि तिचे कारण वैज्ञानिकापेक्षा पोस्टमनला अधिक लवकर कळेल. सीएआर-टी उपचारात प्रत्येक रुग्णाच्या पेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत द्याव्या लागतात. म्हणून रुग्णाला शहरात जावेच लागते आणि किंमत एका मर्यादेखाली येत नाही. तेच जनुक नॅनोकणांत भरून थेट शिरेतून द्यावे आणि टी-पेशींत शरीरातच बदल घडवावा, असे प्रयोग आता चालू आहेत. ते साधले तर औषध सर्वांसाठी एकच असेल, कारखान्यात हजारोंनी बनेल आणि कुपीतून प्रवास करील. रुग्णाच्या ऐवजी औषध वाट चालेल. पुण्याच्या त्या लशीचा एक विशेष असा होता की ती कोरड्या भुकटीच्या रूपात दोन ते आठ अंश तापमानात टिकत असे. उणे सत्तर अंशांच्या पेटाऱ्याची तिला गरज नव्हती. कोणीतरी औषध बनवितानाच त्याच्या वाटेचा विचार केला होता. तेवढ्या थंडाव्याचे लशींचे कपाट तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असते. वीज गेली तर ते किती तास थंड राहते, जनरेटरला डिझेल कोण देतो आणि कुपी टोचल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत ताप चढला तर रात्री कोणता डॉक्टर हजर असेल, हे प्रश्न आताच विचारून ठेवायला हवेत. यंदाच्या ग्रामसभेत एखाद्या वाचकाने ते विचारले, तर उत्तर काय मिळाले ते आम्हांला अवश्य कळवावे.